हिरवा रंग कुणासाठी?

कतारमधल्या ॲपवर लिहिणारे बहुतेकजण रंगसंगती, चित्रचिन्हं आणि डाउनलोडचा आकडा यापुढे जात नाहीत. पण जिथे वापर सक्तीचा, तिथे डाउनलोडला पसंतीची पावती कसं म्हणायचं? कोविडच्या साथीत, 22 मे 2020 पासून, घराबाहेर पडणाऱ्याच्या फोनमध्ये ‘एहतेराज’ हे सरकारी ॲप असणं बंधनकारक झालं. नसेल तर 2 लाख रियालपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या 1994 च्या इंटरफेस-डिझाइनच्या दहा कसोट्या आजही समीक्षेत वापरल्या जातात. त्यांतली एक वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याची आहे. मात्र ते स्वातंत्र्य चुकीच्या पडद्यावरून मागे फिरण्यापुरतं. ॲपच नाकारता येतं का, हे ती विचारत नाही.

एहतेराजचा पडदा तसा नेटका होता. निरोग्याला हिरवा क्यूआर कोड, बाधिताला लाल. मॉलच्या दारावरच्या रखवालदाराला तो लांबूनच कळे. म्हणजे डिझाइनचा पहिला ग्राहक रखवालदार, फोनवाला दुसरा! रखवालदाराच्या बाजूने पाहिलं तर काम चोख. लाल-हिरव्यातला फरक ज्याला दिसत नाही, त्याच्या बाजूने कुणी पाहिल्याचं वाचनात आलं नाही. त्याच मे महिन्यात अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने दाखवून दिलं की नुसत्या ओळखपत्र क्रमांकावरून दुसऱ्याचा कोड मागवता येतो आणि दहा लाखांहून अधिक लोकांची आरोग्याची माहिती उघडी पडू शकते. भोक लगेच बुजवलं गेलं. पण केवळ पडदा पाहणाऱ्या समीक्षकाने या ॲपला पैकीच्या पैकी गुण दिले असते. 1 नोव्हेंबर 2022 पासून, दवाखाने वगळता, ते दाखवण्याची अट उठली.

गृहखात्याच्या ‘मेट्राश 2’ या सरकारी सेवांच्या ॲपने इंग्रजी-अरबीच्या जोडीला उर्दू आणि मल्याळम घेतली, हे मोठंच काम. पण नोंदणीला सिमकार्ड स्वतःच्या नावावर लागे. ज्याचं सिम कंपनीच्या नावावर, तो भाषेच्या पायरीपर्यंत पोचतच नसे. मग पैसे घेऊन अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर, नाहीतर मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. अनेकांसाठी सरकारचा खरा दर्शनी भाग तोच, आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही.

अशाच जिवंत दर्शनी भागाचं दुसरं उदाहरण: 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात दोहाच्या सूक वाकिफ बाजाराजवळ उंच खुर्चीवर बसून, हातात फोमचा भलामोठा पंजा घेऊन मेट्रोची वाट दाखवणारा केनियाचा अबूबकर अब्बास जगभर गाजला. वर्तमानपत्रांना त्यात गंमत दिसली. मला ते त्या स्पर्धेतलं सर्वांत यशस्वी डिझाइन वाटतं: गर्दीने ओरडून विचारायचं, त्याने तालात उत्तर द्यायचं. पाटीला हे जमत नाही.

दोहातल्या मराठी डिझाइनरांना एवढंच सांगणं, पुढच्या ॲपला तारे देण्याआधी इंडस्ट्रियल एरिया या कामगारवस्तीतल्या एखाद्या टायपिंग सेंटरच्या रांगेत एक सकाळ उभे राहा आणि तिथे लोक काय विचारतात ते लिहून घ्या.