नूतनच्या मागे, घरापर्यंत

चैतन्य ताम्हणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला, तेव्हा सरकारी वकील नूतनचा भयंकर राग आला होता. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, असा आरोप. नूतन कलमं वाचत, एकसुरी आवाजात खटला पुढे रेटते. समोरचा म्हातारा माणूस तुरुंगात खंगतोय, हे तिच्या गावीही नसतं.

गेल्या महिन्यात सिनेमा पुन्हा पाहिला. निमित्त घरगुती होतं. राजकारणावरून मावशीशी वाजलं आणि मी घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. याच मावशीकडे राहून मी अकरावी-बारावी केली. क्लासहून कितीही उशिरा आलो तरी ताट झाकून ठेवलेलं असायचं.

या वेळी लक्ष गेलं ते कोर्टाबाहेरच्या दृश्यांकडे. लोकलमध्ये नूतन शेजारच्या बाईशी ऑलिव्ह तेल आणि मधुमेहाच्या पथ्याबद्दल बोलते. मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. सुट्टीच्या दिवशी सगळे नाटकाला जातात. तिथे परप्रांतीय मुलाला घरातून हाकललं जातं आणि प्रेक्षागृह खदखदून हसतं. कॅमेरा लांबून, न हलता बघत राहतो. गीतांजली कुलकर्णी नूतनला कुठेही खलनायिका होऊ देत नाहीत. दमून घरी येणारी बाई आणि कोर्टातली निष्ठुर वकील एकच आहे, हे आपल्याला पचवावं लागतं.

आपल्याकडे ‘समतोल’ म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे मार्क. ‘कोर्ट’ ते करत नाही. कामगाराची विधवा साक्ष देते: वास सहन व्हावा म्हणून नवरा दारू पिऊन उतरायचा. आधी खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, असं समजायचा. सुरक्षेची साधनं नाहीतच. हे ऐकल्यावर खटला पोकळ आहे, यात शंका उरत नाही. निवाडा ठाम ठेवूनही माणसाकडे नीट बघता येतं, हे ताम्हणे दाखवतात.

तक्रार एकच. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. त्या विधवेबरोबर मात्र वकिलाच्या गाडीपर्यंतच. पैसे नकोत, काम द्या, असं ती म्हणते; पुढे तिचं काय झालं, कळत नाही. समजून घेण्याची सवड बहुतेक आपल्यासारख्यांच्याच वाट्याला येते. मावशीला समजून घेणं मलाही सोपंच आहे, कारण तिच्या फॉरवर्डचा फटका मला बसत नाही. तो ज्यांना बसतो, ते आमच्या ग्रुपवर नाहीत.

परवा ग्रुपवर परत गेलो. मावशीने विचारलं, “जेवलास का?” “हो,” म्हणालो. मग तिच्या त्या मेसेजमध्ये काय खोटं होतं, तेही लिहिलं. तिने वाचलंय. उत्तर अजून नाही.