‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ : एक अभिप्राय

सुप्रसिद्ध कादंबरीकर्त्री पर्ल बक ह्यांनीं १९५० सालीं ह्या लहानशा पुस्तकांत आपल्या बौद्धिक वाढ खुंटलेल्या कन्येची हकीकत सांगितली. अशीं मुलें घरोघरीं लपविलीं जात असतां एका कीर्तिमान् मातेनें उघड बोलावें, हें धैर्य आम्हांस वंदनीय वाटतें. परंतु अशा मुलांचें सुख त्यांच्यासारख्यांच्याच सहवासांत, संस्थेच्या आवारांत आहे, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस पटत नाहीं. १९२९ मध्यें मुलीस न्यू जर्सींतील व्हाइनलंडच्या संस्थेंत ठेवतांना आईपुढें दुसरी वाट क्वचितच होती. दोष तिचा नव्हे, दार न उघडणाऱ्या समाजाचा होय. समाजांत राहण्याचा अशा व्यक्तींचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारानें मान्य केला आहे. आईचे अश्रू पुसावयाचे, तर प्रथम मुलीस शेजार मिळाला पाहिजे.