ब्लॉकचेन आणि दप्तर : सोलापुरच्या कागदांच्या निमित्तानें

सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवाच्या लेखकाचा बिटकॉइन नांवाच्या चलनावरील नऊ पानांचा निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. निबंधाचा विषय पैशाची देवघेव एवढाच आहे. परंतु त्यांतील नोंदीची रीत, जिला पुढें ‘ब्लॉकचेन’ असें नांव पडलें, ती जमिनीचे उतारे, प्रमाणपत्रें व सरकारी दप्तरें ह्यांसहि लावावी असें म्हणणारा एक पक्ष निघाला आहे. आजचें दप्तर तेंच उद्यांचें इतिहाससाधन. तेव्हां ह्या दुसऱ्या मताचें परीक्षण आम्हांस करणें भाग आहे.

रीत थोडक्यांत अशी. नोंदींचा एक गठ्ठा पुरा झाला कीं त्यावरून गणितानें ठराविक लांबीचा एक ठसा काढितात व तो पुढील गठ्ठ्याच्या माथ्यावर चढवितात. मागील एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं व लबाडी उघडी पडते. शिवाय साखळीची संपूर्ण नक्कल अनेकांच्या यंत्रांत असते. जुन्या कागदांची संवय असलेल्या वाचकांस ह्यांत फारसें नवल वाटूं नये. लांब महजराचे बंद चिकटविल्यावर पाठीमागें सांध्यावर शिक्का उठवीत, तो मधला बंद काढून कोणी दुसरा डकवूं नये म्हणूनच. इनामपत्राची तालिक लिहून घेऊन अस्सल भोगवट्यासाठीं इनामदारास परत द्यावें, अशी आज्ञा पत्राच्या शेवटीं असे. नकला अनेक घरीं असण्याचें मोल सोलापुर जिल्ह्यांत तर विशेष कळतें. मंगळवेढें १९४८ पर्यंत सांगली संस्थानांत, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान, बाकीचा बहुतेक मुलूख इंग्रजी अंमलांत. त्यामुळें एकाच घराण्याचे कागद दोन-तीन दप्तरांत धुंडाळावे लागतात, पण एका ठिकाणीं वाळवीनें खाल्लेला मजकूर दुसऱ्या ठिकाणीं मिळण्याची आशाहि राहते.

तेव्हां कल्पना आम्हांस परकी नाहीं. आमचा आक्षेप सांठवणीविषयीं आहे. निबंधाच्या सातव्या कलमांत लेखकानें हिशेब दिला आहे: गठ्ठ्याचा माथा ८० बाइटांचा, दहा मिनिटांस एक गठ्ठा, म्हणजे वर्षाचे ४.२ मेगाबाइट. हिशेब बिनचूक आहे, पण तो केवळ माथ्यांचा, मजकुराचा नव्हे. मजकुरासह ती साखळी आज सहाशें गिगाबाइटांच्या पुढें गेली आहे, आणि तीहि देवघेवीच्या त्रोटक नोंदींचीच. हेंच माप सोलापुरास लावून पाहूं. मोडी कागदाच्या एका पानाचें छायाचित्र एक मेगाबाइटाचें धरलें, तर एक मेगाबाइटाच्या जुन्या मर्यादेंत दहा मिनिटांस एक, दिवसास १४४ पानें चढतील. हजार पानांच्या एका रुमालास सात दिवस; तेंहि त्या आठवड्यांत जगांत दुसऱ्या कोणीं एक पैहि दिली-घेतली नाहीं तर! २०१७ नंतर ही मर्यादा कांहींशी सैल झाली, तरी अकरा तालुक्यांचे सातबारे व फेरफार तींत मावण्याची गोष्ट दूरच. गठ्ठे फारच मोठे करावे, तर संपूर्ण नक्कल बाळगण्याची ऐपत थोड्यांचीच उरते, आणि ज्या गुणासाठीं ही रीत घ्यावयाची तोच गुण जातो.

ह्यावर तोड निघाली ती अशी कीं, कागद बाहेर ठेवावा व साखळीवर त्याचा ठसा तेवढा चढवावा. गडचिरोली जिल्ह्यांत एटापल्ली येथें ६५,००० जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ ह्या साखळीवर नोंदविण्याचें काम २०२२ सालीं हातीं घेण्यांत आलें. परगांवच्या कचेरींत दाखला खरा कीं बनावट हें ठरविण्यास अशी सोय उपयोगी आहे, हें आम्ही मोकळेपणीं मान्य करितों. परंतु ठशावरून मजकूर परत मिळत नाहीं. कागद जळाला, तर शिल्लक राहतो तो सांध्यावरचा शिक्का. पॉलिगॉन ज्या ईथीरियम साखळीच्या आधारानें चालते तिनें मार्च २०२४ मध्यें वाढत्या व्यवहारांसाठीं एक स्वस्त सोय केली. तींत ठेवलेली माहिती सुमारें अठरा दिवसांनीं यंत्रांतून काढून टाकण्याची मुभा आहे. देवघेवीस अठरा दिवस पुष्कळ झाले. पण १८५२ च्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी झाली तेव्हां दोन-दोन पिढ्यांपूर्वींच्या सनदा पुढें आणाव्या लागल्या, व त्यांतील मजकूर पेशवेदप्तराशीं ताडला गेला. कोणी इनामदार नुसता ठसा घेऊन गेला असता, तर त्याची जमीन राहिली असती काय?

दोष मूळ निबंधकाराकडे फारसा जात नाहीं. त्यानें दप्तर सांभाळण्याचा पत्कर घेतलेलाच नाहीं. सोलापुरांतील एखाद्या कचेरीनें पुढेंमागें ही रीत स्वीकारली, तर आमची विचारणा एवढीच राहील: मूळ कागद व त्यांची छायाचित्रें कोठें राहणार, त्यांच्या नकला किती व कोणाच्या ताब्यांत, आणि यंत्रें जुनीं झाल्यावर तीं नव्यांत उतरून घेण्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडणार?