लडलोचा संप आणि जनसंपर्काची मर्यादा

जनसंपर्क विषयाच्या अध्यापनात आयव्ही ली यांना आद्य प्रवर्तकांचे स्थान दिले जाते. वृत्तपत्रांना अचूक माहिती देण्याचे तत्त्व त्यांनी १९०६ मध्ये जाहीर केले होते. त्या तत्त्वाची कसोटी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लागली. तेथील कोळसा खाणकामगार सप्टेंबर १९१३ पासून संपावर होते. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील त्यांच्या वसाहतीत राज्याच्या सशस्त्र दलाशी चकमक होऊन तंबू जाळले गेले. तंबूखालील खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मृत्युमुखी पडली.

लोकक्षोभ उसळताच खाणकंपनीवर नियंत्रण असलेल्या रॉकफेलर घराण्याने ली यांना पाचारण केले. त्यांच्या पत्रकांत कामगार नेत्यांच्या मानधनाचे आकडे फुगविलेले होते. कंपनीने पुरविलेली माहिती आपण पडताळली नव्हती, हे ली यांना चौकशी आयोगापुढे मान्य करावे लागले.

१९१५ मध्ये धाकटे रॉकफेलर स्वतः खाणींत गेले, कामगारांशी बोलले आणि कामगार-प्रतिनिधी योजना आणली. अनेक पाठ्यपुस्तके याला जनसंपर्काचे यश मानतात. परंतु संपाची मुख्य मागणी असलेली संघटनेची मान्यता नाकारलीच गेली. पुढे १९३५ च्या वॅग्नर कायद्याने मालकांच्या वर्चस्वाखालील कामगार संघटनांना प्रतिबंध केला.

तात्पर्य, प्रतिमा सावरली, तरी मूळ प्रश्न सुटत नाही. म्हणून १९०६ चे तत्त्व शिकविताना ली यांची साक्षही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.