चौकटीत वाळवलेला माळ

हर्बेरियमचा स्कॅन फोनवर उघडला की माझं बोट आधी फुलावर जातं. झूम केलं की चपटी पाकळी दिसते, तपकिरी पडलेलं पान दिसतं. स्क्रीनशॉट काढावासा वाटतो. माझी तक्रार या देखणेपणाबद्दलच आहे. कागद चित्र म्हणून पाहिला की खालच्या कोपऱ्यातली चिठ्ठी वाचायची राहते, आणि खरा मजकूर तिथेच असतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं उदाहरण घेऊ. या राज्याचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग एकेकाळी उंच गवताची प्रेअरी होता. आज त्यातला हजारावा भागही धड उरलेला नाही. जे उरलं होतं त्याची नोंद करणाऱ्यांत एडा हेडन (१८८४–१९५०) होत्या. आयोवा स्टेटमधून पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल १९१८. ग्रामीण काउंट्यांमध्ये हिंडून त्यांनी झाडं गोळा केली, दाबून वाळवली.

तिकडच्या अनेक चिठ्ठ्यांवर जागेचा पत्ता आकड्यांत असतो: सेक्शन, टाउनशिप, रेंज. ही आखणी १७८५च्या कायद्याची. सहा मैल लांब, सहा मैल रुंद टाउनशिप; तिचे ३६ सेक्शन; प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. जमीन मोजली ती विकण्यासाठी. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांनी जागांना दिलेली नावं या आकड्यांत आली नाहीत. चौकोन विकले गेले, नांगरले गेले, तिथे मका उभा राहिला. ज्या आखणीनं माळ संपवला, तिच्याच आकड्यांत आज त्या माळावरच्या फुलाचा पत्ता सापडतो.

म्हणून हे कागद मला निरागस वाटत नाहीत. नकाशावरचा एखादा चौकोन रिकामा असेल, तर तिथे ते फूल नव्हतं, की तिथवर कुणी गेलंच नाही? रस्त्याकडेचं सहज हाती लागतं, आडबाजूचं राहून जातं. नमुन्यात झाडाइतकीच गोळा करणाऱ्याची वाटही दाबलेली असते.

तरी ही नोंद नसती तर काय वाचवायचं हेही कळलं नसतं. हॉवर्ड काउंटीत प्रेअरीचा २४० एकरांचा तुकडा राखला गेला. हेडन गेल्या त्याच वर्षी, १९५०मध्ये, त्याला त्यांचं नाव मिळालं.

२४० एकर म्हणजे एका सेक्शनचा अर्धा भागसुद्धा नाही. हा हिशेब फुलाकडे बघून कळत नाही. चिठ्ठी वाचावी लागते.