उत्क्रांती, सिद्धान्त आणि पोथीची वंशावळ

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून अभ्यासक्रमात बदल व्हावयास हवा, असे प्रतिपादन केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे पूर्वजांनी सांगितलेले वा लिहिलेले नाही, हे त्यांचे मुख्य प्रमाण होते. देशातील तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून या विधानाचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकात ‘आनुवंशिकता’ राहिली आणि ‘उत्क्रांती’ गळाली. त्याविरुद्धच्या जाहीर पत्रावर १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी सह्या केल्या. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. म्हणजे धुळे किंवा जळगाव शहरात एकाच गल्लीतील दोन मुले, केवळ मंडळे वेगळी म्हणून, जीवसृष्टीविषयी दोन वेगळ्या समजुती घेऊन शाळेबाहेर पडू शकतात.

या वादाकडे विज्ञान विरुद्ध श्रद्धा अशा ठरीव चौकटीतूनच पाहिले जाते आणि साहित्याचे अभ्यासक तो आपला विषय नव्हे असे मानून बाजूला राहतात. वस्तुतः वादाचा बराच भाग शब्दांनी घडविलेला आहे. मराठीत तो ‘उत्क्रांती’ आणि ‘सिद्धान्त’ या दोन शब्दांच्या आधारे लढविला जातो. दोन्ही शब्दांना स्वतःचा पूर्वेतिहास आहे, आणि तो डार्विनच्या म्हणण्यात नसलेले अर्थ वाचकाच्या मनात आधीच पेरून ठेवतो.

‘सिद्धान्त’ हा शब्द प्रथम घेऊ. पाश्चात्त्य वादात विरोधकांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की उत्क्रांती ही ‘केवळ एक थिअरी’ आहे. हा युक्तिवाद शुद्ध मराठीत मांडताच येत नाही. कारण ‘केवळ एक सिद्धान्त’ हा प्रयोग मराठी कानाला विसंगत वाटतो. जे सिद्ध होऊन अंताला गेले तो सिद्धान्त. म्हणूनच ‘ती नुसती थिअरी आहे’ असे म्हणताना मराठी माणूस इंग्रजी शब्दाचा आश्रय घेतो. पण याची दुसरी बाजूही आहे. सिद्धान्त म्हणजे अंतिम सत्य, अशी अपेक्षा एकदा बाळगली की, ज्यात दुरुस्ती होते त्याला सिद्धान्त कसे म्हणावे, असा संशय निर्माण होतो. आणि जीवशास्त्रज्ञांमधील तपशिलाचे मतभेद हा मूळ कल्पनेच्या पराभवाचा पुरावा समजला जातो.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट परंपरेतच आहे. न्यायसूत्रांनी सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत : सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. त्यांतील प्रतितंत्र सिद्धान्त म्हणजे एका दर्शनाला मान्य, दुसऱ्याला अमान्य असलेले मत. सार्वजनिक चर्चेत डार्विनचा सिद्धान्त याच कोटीत टाकला जातो. ‘त्यांचे दर्शन त्यांना, आमचे आम्हाला’ ही भूमिका वरकरणी उदार दिसते, पण तिने पुराव्याचा प्रश्नच बाद होतो. याउलट, जो मान्य केला असता त्याच्या अनुषंगाने इतर अनेक गोष्टी सिद्ध होतात, तो अधिकरण सिद्धान्त होय. जीवाश्मांचा क्रम, अवयवरचनेतील साम्ये, बेटांवरील प्राण्यांचे वैचित्र्य आणि जनुकांची रचना यांना एकत्र बांधणारी समान पूर्वजांची कल्पना या प्रकाराच्या अधिक जवळ आहे.

खानदेशात तर या शब्दाचा आणखी एक अर्थ दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ज्योतिषातील सिद्धान्त म्हणजे ग्रहगणिताची समग्र मांडणी. तिचे उत्तर आकाशातील ग्रहाशी जुळावे लागे. न जुळल्यास गणितात बीजसंस्कार, म्हणजे दुरुस्ती, करीत. दुरुस्त झाल्याने सिद्धान्ताची प्रतिष्ठा उणावत नसे. उलट दृक्प्रत्ययाशी जुळणे हीच त्याची प्रतिष्ठा होती. वैज्ञानिक सिद्धान्ताचे स्वरूप शिकविताना मराठी शिक्षकाला परक्या व्याख्येपेक्षा हा अर्थ अधिक उपयोगी पडावा.

दुसरा शब्द अधिक घोटाळ्याचा आहे. ‘उत्क्रांती’तील ‘उत्’ हा उपसर्ग वर जाण्याचा किंवा बाहेर पडण्याचा. वेदान्तात ‘उत्क्रांती’ म्हणजे देहातून जीवाचे निर्गमन. आधुनिक मराठीत मात्र ‘क्रांती’च्या जोडीने हा शब्द रुळला आणि त्याला पायरीपायरीने वर चढण्याचा, प्रगतीचा अर्थ चिकटला. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नामच नाही. त्याची संज्ञा होती बदलासह होणारे वंशावतरण. त्या ग्रंथातील एकमेव आकृतीही शिडीची नसून फांद्यांची आहे. शिडीचे चित्र प्रामुख्याने स्पेन्सरच्या प्रभावातून आले, आणि इंग्रजी शिकलेल्या पहिल्या मराठी पिढ्यांनी स्पेन्सर मनापासून वाचला होता. ‘माकडाचा माणूस झाला’ हे वाक्य या शिडीचेच अपत्य आहे. ते खोडून काढताना सत्यपाल सिंह यांनी जे खोडले ते डार्विनचे म्हणणे नव्हे. आजची माकडे व आजची माणसे यांचा पूर्वज समान, हे त्याचे म्हणणे होते.

शिडी आणि वृक्ष ही दोन्ही चित्रे धुळ्यात एकाच अभ्यासकाच्या कार्यात भेटतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे आहे. त्यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या ग्रंथात निर्बंधरहित स्त्रीपुरुषसंबंधांपासून नियमबद्ध विवाहापर्यंतच्या अवस्था एका क्रमात लावलेल्या आहेत. महाभारतातील आख्याने आणि धर्मविधी यांत मागील अवस्थेचे अवशेष शोधण्याची त्यांची दृष्टी विलक्षण धाडसी होती. विवाहाला अनादि मानणाऱ्या समजुतीला तिने जबर धक्का दिला. तथापि सर्व समाज एकाच जिन्याने चढतात, हे तिचे गृहीत होते. कोणत्या अवशेषावरून कोणती अवस्था, हे ठरविणारा जिना आधीच रचलेला असला म्हणजे अवशेष साक्षीदार राहत नाहीत, ते केवळ उदाहरणे होतात.

पण हेच राजवाडे पोथ्यांचे संपादकही होते. १९०९ साली त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची आपणांस सापडलेली प्रत प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचा दावा केला. त्या दाव्यावर पुढे वाद झाले. येथे महत्त्वाचे आहे ते वादाचे स्वरूप. मूळ प्रत लिहिताना कोणीही पाहिलेली नाही. तरी कोणती प्रत आधीची, हे प्रत्ययांची रूपे, पाठभेद आणि लेखनदोष यांवरून ठरविता येते, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. पाठचिकित्सेचा मूलाधार असा की, शुद्ध पाठ समान असल्याने दोन प्रतींचे नाते सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ सर्वांचाच असू शकतो; विशिष्ट चूक समान असली तरच त्या एका मातृकेवरून उतरल्या असे मानता येते. कोणाच्याही हातून सहज घडणारी चूक मात्र पुरावा ठरत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम अशाच वंशावळींच्या आधारे झाले.

ही पद्धत डार्विनकडून उसनी घेतलेली नाही. पोथ्यांच्या वंशावळी युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडल्या गेल्या होत्या आणि श्लायखरने भाषांचा वृक्ष १८५३ मध्ये, डार्विनच्या ग्रंथाआधी, काढला होता. आनुवंशविज्ञानाने नंतर जे केले ते जवळजवळ पाठचिकित्साच होय. बहुतेक सस्तन प्राणी शरीरात ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. त्या क्रियेतील शेवटच्या टप्प्याचे जनुक मानवात आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. चिंपांझी, गोरिला व इतर अनेक माकडांतही ते निकामी आहे आणि बिघाडाच्या खुणा जुळतात. गिनीपिगमध्येही तेच जनुक निकामी झाले आहे, परंतु तेथील बिघाड वेगळा आहे. पहिली समान मातृकेची चूक, दुसरी स्वतंत्र लेखकाची. ज्याने एकदा चार पोथ्या समोर ठेवून पाठभेद टिपले आहेत, त्याला हा युक्तिवाद समजण्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागू नये. आणि ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न उत्क्रांतीला निरुत्तर करतो असे ज्याला वाटते, त्याने ‘ज्ञानेश्वरी’च्या कोणत्याही संशोधित संहितेवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

शिवाय लहान प्रमाणावर ही प्रक्रिया पाहिलेलीही आहे, आणि खानदेशच्या शेतकऱ्याने ती स्वतःच्या नुकसानीत पाहिली आहे. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. दोन विषारी प्रथिनांचे वाण २००६ मध्ये आले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील पऱ्हाटीचे मोठे नुकसान केले. अळीने ‘सवय’ करून घेतली, असे म्हटले जाते. घडले ते वेगळेच. ज्या थोड्या अळ्यांत विष पचविणारा जनुकभेद आधीपासून होता त्या वाचल्या, त्यांची प्रजा वाढली. कडेला बिगर-बीटी ओळी न लावणे आणि फरदड ठेवणे यांनी त्या निवडीला वेग दिला. ही एका कीटकजातीतील जनुकांच्या प्रमाणात झालेली घट-वाढ आहे, नव्या जातीचा जन्म नव्हे, हा भेद सांगितलाच पाहिजे. परंतु निवडीचे तत्त्व तेच आहे.

निवड म्हणजे प्रगती नव्हे, हे सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांतील सिकलसेल या विकारावरून कळते. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. तो आई व वडील दोघांकडून आला तर यातनामय आजार. एकाकडूनच आला तर मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बरेच संरक्षण. मलेरियाच्या प्रदेशात हा पाठभेद टिकला, याचे कारण तो ‘उच्च’ वा ‘शुद्ध’ होता असे नाही. त्या परिस्थितीत त्याने काही माणसांना जगविले, एवढेच. शिडीच्या भाषेत या वस्तुस्थितीला जागाच नाही. आणि त्या भाषेत आदिवासी समाजाला ‘मागील पायरी’ ठरविण्याचा जो प्रमाद वारंवार घडला, त्याचे मूळही येथेच आहे.

वृक्षाच्या चित्रालाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. लेखनिक एकाहून अधिक पोथ्या समोर ठेवून नकल करीत, त्यामुळे फांद्या एकमेकींत मिसळतात. ही अडचण सुकथनकरांनी महाभारताच्या संदर्भात स्पष्टपणे नोंदविली होती. जीवसृष्टीतही असे घडते. खानदेशात ‘अमेरिकन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कपाशीत ५२ गुणसूत्रे असतात, देशी कपाशीत २६. कारण पहिलीचा उगम दोन जातींच्या संकरातून झाला, आणि त्यांतील एक पूर्वज देशी कपाशीच्या जुन्या जगातील कुळातला होता. देशीयतेच्या चर्चेत भूमी, मुळे, वाण, कलम ही रूपके विपुल वापरली जातात. कपाशीच्या या वंशावळीने देशीवादाचे खंडन होत नाही, कारण त्याचे प्रतिपादन मूलतः सांस्कृतिक आहे. पण जीवशास्त्राचे रूपक त्याच्या समर्थनार्थ पुरावा म्हणून चालणार नाही, एवढे निश्चित होते.

साहित्याच्या इतिहासलेखनात हा प्रश्न थेट येऊन भिडतो. ब्रुनेतिएरने १८९० मध्ये साहित्यप्रकारांची उत्क्रांती मांडताना त्यांना बाल्य, प्रौढत्व व ऱ्हास लावले; म्हणजे एका व्यक्तीची वाढ आणि जातीचे वंशावतरण यांची गल्लत केली. मराठीतही ओवीकडून अभंगाकडे, तेथून पंडिती श्लोकाकडे आणि पुढे आधुनिक कवितेकडे, असा जिना अनेकदा बांधला जातो. या जिन्यावर बहिणाबाई चौधरी यांना कोठे बसवायचे? असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये निवर्तलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची ओवी १९५२ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा मर्ढेकरांची नवकविता प्रस्थापित होत होती. जिन्याच्या हिशेबाने ती उशिरा सापडलेली जुनी पायरी ठरते आणि तिचे कौतुक ‘आश्चर्य’ या सदरात जमा होते. वृक्षाच्या हिशेबाने ग्रंथगत ओवी ही एक फांदी आणि जात्यावरची ओवी ही दुसरी. दुसरी कधी थांबलीच नव्हती, तिला लेवा बोलीत नवी पालवी फुटली. मग चिकित्सेचे प्रश्न बदलतात : कोणत्या श्रमाने, कोणत्या श्रोत्यांनी ही फांदी जगविली, आणि छपाईच्या परिस्थितीत तिच्यातील काय टिकले, काय गळाले?

पाठ्यपुस्तकाचा प्रश्न म्हणूनच साहित्याच्या विभागांपर्यंत पोचतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या विद्यापीठात मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणारे बहुसंख्य विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान सोडतात. उत्क्रांतीशी त्यांची जी काही गाठ पडते ती दहावीतच. ते प्रकरण गळाले, तर सिद्धान्त म्हणजे एखाद्या पंथाचे मत आणि उत्क्रांती म्हणजे वर चढणे, एवढ्याच समजुतीवर ते पुढे साहित्याचा इतिहास वाचतील आणि शिकवितील. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात पोथ्यांचे मोठे संग्रह आहेत. पाठचिकित्सेच्या एका प्रात्यक्षिकासाठी तेथील चार प्रती पुरतील, आणि दहावीचे गळालेले प्रकरण त्या निमित्ताने मराठीच्या वर्गातही शिकविता येईल.