शरीर, नमुना आणि नकार

संग्रहालयातील प्रदर्शन ही एक रचनाच असते. ग्रंथाप्रमाणे तिलाही निवड, क्रम आणि त्याग यांतून अर्थ प्राप्त होतो. म्हणून तिचे परीक्षणही ग्रंथाच्याच कसोटीने करणे युक्त ठरते. लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील हंटेरियन संग्रहालय २०१७ साली नूतनीकरणासाठी बंद झाले व मे २०२३ मध्ये पुन्हा उघडले. त्याची नवी मांडणी या दृष्टीने विचारार्ह आहे.

शस्त्रवैद्य जॉन हंटर (१७२८-१७९३) यांचा संग्रह ब्रिटिश सरकारने १७९९ मध्ये विकत घेऊन शस्त्रवैद्यांच्या संस्थेच्या स्वाधीन केला. १९४१ च्या बॉम्बवर्षावात त्याचा मोठा भाग नष्ट झाला. उरलेल्यांपैकी दोन हजारांहून अधिक नमुने आज प्रेक्षकाला पाहता येतात. एकच शरीरकार्य निरनिराळ्या प्राण्यांत कोणकोणत्या अवयवांनी साधले जाते, हे दाखविण्याचा हंटर यांचा हेतू होता. त्यांच्या क्रमात मनुष्य हा अनेकांपैकी एक प्राणी ठरतो आणि त्याचे नाव गळून पडते. या मांडणीचे सामर्थ्य त्यातच आहे आणि तिची उणीवही त्यातच आहे.

ही उणीव चार्ल्स बर्न याच्या सांगाड्याने उघड केली. सुमारे ७ फूट ७ इंच उंचीचा हा आयरिश तरुण लंडनमध्ये पैसे घेऊन लोकांना आपले दर्शन देत असे. १७८३ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो वारला. आपला देह शस्त्रवैद्यांच्या हाती पडू नये, तो समुद्रात बुडविला जावा, अशी त्याची इच्छा होती. तरीही हंटर यांनी तो मिळविला. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे : प्रदर्शित होणे म्हणजे काय, हे बर्नइतके अनुभवाने जाणणारा मनुष्य विरळा. म्हणून त्याचा नकार भीतीपोटी किंवा अज्ञानातून आला, असे म्हणता येत नाही; तो जाणत्याचा निर्णय होता.

याउलट शास्त्राचा दावाही पोकळ नाही. हार्वी कुशिंग यांनी १९०९ मध्ये बर्नची कवटी तपासली, तेव्हा पोषग्रंथीची खोबण विस्तारलेली आढळली. २०११ मध्ये त्याच्या दातातील डीएनएत सापडलेले जनुकीय उत्परिवर्तन उत्तर आयर्लंडमधील काही विद्यमान रुग्णांतही असल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु हे ज्ञान कवटी उघडल्याने व दात तपासल्याने लाभले. सांगाडा काचेआड उभा केल्याने नव्हे. शास्त्राचा युक्तिवाद जतनाला आधार देतो, प्रदर्शनाला देत नाही.

नव्या मांडणीत हा भेद मान्य झाला. सांगाडा दालनातून हलविला गेला. संशोधनासाठी मात्र तो संस्थेने स्वतःजवळच ठेवला. त्याच्या जागी जोशुआ रेनॉल्ड्स यांनी रंगविलेले हंटर यांचे चित्र आहे. त्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बर्नच्या सांगाड्याचे पाय दिसतात. मालकाचे संपूर्ण व्यक्तिचित्र आणि नकार देणाऱ्याचे केवळ पाय, एवढाच आशय आता भिंतीवर उरला आहे.

या बदलाचे श्रेय संग्रहालयाला दिलेच पाहिजे. पण बर्नची इच्छा 'मला दाखवू नका' एवढीच नव्हती, 'मला ठेवू नका' अशीही होती. मांडणीने तिचा पूर्वार्ध पाळला. उत्तरार्ध अद्याप कोठारात आहे.